फिरकी घ्यावी तर अशी!

सध्या भेटेल त्याला धरून मी एकच विषय काढतेय. बँकेत जेवणाच्या सुट्टीत, सोसायटीच्या जिन्यात, भाजी घेता घेता भाजीवालीशीसुद्धा. विषय आहे प्रँक व्हिडिओ. हो, तेच! कुणाला तरी बकरा बनवायचं, लपवलेल्या कॅमेऱ्यात टिपायचं आणि शेवटी ‘तो बघा कॅमेरा’ म्हणायचं. इतकी वर्षं मी ते नुसते बघत होते. ते बनतात कसे हे परवा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. दोन मिनिटांच्या गमतीमागे केवढी बारीक कारागिरी आहे! आणि त्या कारागिरीला केवढी सभ्यता लागते!

माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रमैत्रिणींची टोळी आहे, छोटंसं चॅनेल आहे. एके दिवशी म्हणाला, ‘काकू, आम्हाला एक मोठं माणूस हवंय. तू येशील? तुला बघून कुणी चिडत नाही.’ काय काम आहे ते न विचारताच मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी पेठेतल्या एका वाड्याच्या कोपऱ्यावर आम्ही जमलो. वाड्याच्या मालकांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवलेलं होतं. सामान काय, तर एक लांबलचक पिवळी मोजमापाची टेप आणि एक हेल्मेट, साइटवर इंजिनिअर घालतात तसलं. युक्ती जुनीच. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणी दोरी घेऊन हाच प्रकार केल्याचं सांगतात. हेल्मेटवाला मुलगा रस्त्यावरच्या माणसाला म्हणतो, ‘काका, एक मिनिट हे टोक धरता का? फक्त ढिलं सोडू नका.’ काका टोक धरतात. मुलगा टेप उलगडत वाड्याच्या कोपऱ्यावरून वळतो, पलीकडच्या बाजूला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दुसरं टोक देतो, तेच सांगतो आणि निघून जातो. आता कोपऱ्याच्या दोन बाजूंना दोन अनोळखी माणसं टेप ताणून उभी! एकमेकांना दिसत नाहीत. दोघांनाही वाटतंय, पलीकडे मोजणीवाला आहे.

गोष्ट एवढीच. पण ती कॅमेऱ्यात पकडायची कशी? इथे मी पहिल्यांदा थक्क झाले. एक मोबाइल समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात, वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दुसरा, पलीकडे लावलेल्या स्कूटरच्या हँडलला अडकवलेल्या कापडी पिशवीत, पिशवीला भिंगापुरतं भोक. पण सगळी जादू तिसऱ्यात होती. तो समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत होता आणि त्यात कोपऱ्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या. बघणाऱ्याला जे कळतंय ते त्या दोघांना कळत नाहीये, हा विनोद फक्त त्या वरच्या फ्रेममध्येच आहे. ती फ्रेम काढून टाका, मग उरतात टेप धरून उभी असलेली दोन माणसं!

आवाजाचंही तसंच. हेल्मेटवाल्याच्या कॉलरला आतून माइक लावलेला. नंतर एडिटिंगला बसल्यावर तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्र आणि माइकचा आवाज जुळवायचा, तर एरवी सुरुवातीला टाळी वाजवतात. इथे टाळी कशी वाजवणार? म्हणून तो मुलगा टेप हातात देण्याआधी सहज केल्यासारखं हेल्मेटवर बोटांनी दोनदा टकटक करायचा. ती टकटक हीच टाळी! हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवणार होते, पुतण्याने हात धरला.

मग सुरू झाली निवड, आणि ती बघताना मी जास्तच गुंतत गेले. रस्त्याने माणसं येत होती आणि कानातल्या फोनवर टोळीची कुजबुज चालू होती. ‘त्याला नको, पाठीवर डिलिव्हरीची बॅग आहे, त्याचं एकेक मिनिट पैशाचं आहे.’ ‘त्या बाईंना नको, हातात दवाखान्याची फाइल दिसतेय.’ ‘वॉचमनकाकांना कशाला, जागा सोडली म्हणून त्यांना बोलणी बसतील.’ लहान मूल नको, घाईत असलेलं कुणी नको, चेहरा उतरलेलं कुणी नको. वीस-बावीस वर्षांची ही पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा, चाल, हातातली पिशवी वाचत होती. रस्त्यावरच्या माणसांकडे इतकं निरखून मी जन्मात पाहिलं नव्हतं!

आणि मग ते आजोबा आले. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी, त्यातून कोथिंबिरीची जुडी डोकावतेय. टेपचं टोक त्यांनी असं धरलं, जणू सरकारने सोपवलंय. पलीकडच्या टोकाला कॉलेजातली एक मुलगी, कानात इअरफोन. तिने बहुतेक हात बदलला असावा, टेपला हिसका बसला. आजोबांनी टेप घट्ट धरली आणि कोपऱ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘अहो, ओढू नका, माप चुकेल!’ पलीकडे मुलीने इअरफोन काढला आणि दोन्ही हातांनी टेप सरळ धरली. एवढ्यात आजोबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी भाजीची पिशवी कोपरावर सरकवली, मोकळ्या हाताने फोन काढला आणि म्हणाले, ‘कामात आहे, नंतर करतो.’

कामात आहे! कुणाचं काम, कशाचं माप, काही माहीत नाही. एका अनोळखी पोराने ‘ढिलं सोडू नका’ म्हणून सांगितलंय, एवढ्यावर हा माणूस उन्हात उभा आहे. मी दुकानात वह्यांच्या मागे उभी होते आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘लोक किती मूर्ख असतात’ हे दाखवायला प्रँक करतात असा सर्वसाधारण समज असतो. तो कॅमेरा मला दाखवत होता की लोक किती भले असतात!

आता माझं काम. गुपित फोडणं. टोळी त्याला ‘रिव्हील’ म्हणते आणि सगळ्यात अवघड भाग तोच आहे. मला नीट पढवून ठेवलं होतं. मागून जायचं नाही, समोरून जायचं. पहिल्याच वाक्यात सांगायचं की ही गंमत होती आणि आपण शूटिंग करत होतो. कॅमेरे कुठे आहेत ते बोटाने दाखवायचे. मग गप्प बसायचं आणि समोरच्याला वेळ द्यायचा. त्या गप्प बसण्यातच सगळं आहे. त्या तीन-चार क्षणांत माणूस ठरवतो की आपला अपमान झाला की आपण या खेळात सामील आहोत. आपण तेव्हा खिदळलो तर तो एकटा पडतो. थांबलो, तर तो हसतो आणि मग सगळ्यांनी मिळून हसायचं.

मी आजोबांना मुलीपर्यंत नेलं. दोघांनी एकमेकांच्या हातातली टोकं पाहिली. मुलगी खाली बसून हसायला लागली. आजोबांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, ‘बरं, पण माप किती भरलं?’

तिथल्या तिथे दोघांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मराठीतला एक साधा कागद होता. हे चित्रीकरण चॅनेलवर टाकायला माझी हरकत नाही, एवढाच मजकूर आणि खाली मुलांचा नंबर, पुढे मन बदललं तर कळवा म्हणून. आजोबांनी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला आणि सही केली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नंतर एक तिशीतला माणूस सापडला. त्याचं फुटेज तर काय सांगू! टेप सोडायची नाही म्हणून त्याने एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने एका शाळकरी पोराच्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली. ठरवूनही सुचणार नाही असं दृश्य. त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर. रिव्हील झालं, तो छान हसला, व्हिडिओ बघितला आणि मान हलवून म्हणाला, ‘नको. टाकू नका.’ कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. पुतण्याने त्याच्या समोर तिन्ही मोबाइलमधून व्हिडिओ पुसला, मग ‘नुकतंच काढून टाकलेलं’ ठेवतात त्या फोल्डरमध्ये जाऊन तिथूनही पुसला आणि पडदा त्याला दाखवला. माझ्या ओठांवर आलं होतं, थोडं समजावून बघूया का? पुतण्या एवढंच म्हणाला, ‘चेहरा त्याचा आहे ना, काकू.’

त्या रात्रीपासून मी वाचत सुटलेय. आणि काय एकेक सापडतंय!

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतला ॲलन फंट. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याच्या सिग्नल विभागात होता आणि सैनिकांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचा. त्याच्या लक्षात आलं की ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की माणूस ताठरतो, अडखळतो, भलतंच बोलायला लागतो. फंटने दिवाच बंद करून टाकला! त्या बंद दिव्यातून 1947 मध्ये ‘कॅन्डिड मायक्रोफोन’ हा रेडिओ कार्यक्रम निघाला आणि पुढच्याच वर्षी तो टेलिव्हिजनवर गेला. तोच पुढे ‘कॅन्डिड कॅमेरा’. म्हणजे या कलेचा जन्मच एका नैतिक पेचातून झालाय: कॅमेरा दिसला की माणूस खरा राहत नाही आणि दिसला नाही तर त्याला न विचारता आपण त्याचं काहीतरी घेतलेलं असतं. शेवटच्या परवानगीचं एवढं महत्त्व का, ते मला इथे उमगलं. जे न विचारता घेतलं ते त्याच्यासमोर परत ठेवायचं आणि विचारायचं, देतोस का?

फंटचा 1962 चा लिफ्टचा प्रसंग मिळाला तर जरूर बघा. लिफ्टमध्ये एक माणूस उभा आहे. त्याच्याभोवतीची कार्यक्रमातली मंडळी दाराकडे पाठ करून उभी राहतात. तो बघतो, घड्याळात बघतो, नाकाला हात लावतो आणि हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, स्वतःही वळतो. दुसऱ्या एकाच्या बाबतीत तर टोपी काढण्या-घालण्यापर्यंत मजल जाते. मानसशास्त्रज्ञ आजही वर्गात हे दाखवतात. आणि गंमत बघा, आज्ञापालनाच्या प्रयोगासाठी गाजलेल्या स्टॅन्ली मिलग्राम यांनी ‘कॅन्डिड कॅमेरा’वर अभ्यासपूर्ण लेख लिहिलाय. याच मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून त्यांना एका खिडकीकडे वर बघायला लावलं होतं. 1969 मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. एकटा माणूस वर बघत असला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी 4 टक्के थांबत. पंधरा जण बघत असले तर 40 टक्के थांबत आणि चालता चालता का होईना, 86 टक्के लोक मान वर करत. याला प्रयोग म्हणायचं की प्रँक? मधली भिंत किती पातळ आहे!

त्याच 1969 च्या फेब्रुवारीत फंट कुटुंबासह मियामीच्या विमानात होता आणि ते विमान खरोखरच अपहरण करून हवानाला नेलं गेलं. प्रवाशांनी फंटला ओळखलं आणि त्यांना वाटलं, हा नक्की ‘कॅन्डिड कॅमेरा’! संकट खरं होतं आणि माणसं हसत होती. छुप्या कॅमेऱ्याची सवय झालेल्या जगात खऱ्यावरचा विश्वासही सैल होतो. मला तो प्रसंग वाचून झोप आली नाही.

पण मी खरी वेडी झालेय ती ‘इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर’च्या मंडळींवर. चार्ली टॉड नावाच्या तरुणाने 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही टोळी. 2008 च्या जानेवारीत त्यांनी टाकलेला व्हिडिओ बघा. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या भल्यामोठ्या दालनात दोनशेहून अधिक माणसं एकाच क्षणी जागच्या जागी गोठतात आणि पाच मिनिटं तशीच राहतात. कुणी केळं सोलताना, कुणी सांडलेले कागद उचलताना. मग एकदम सगळी चालू लागतात आणि बघणारे प्रवासी टाळ्यांचा कडकडाट करतात. कुणाचीच खोडी काढलेली नाही! बकरा कोणी नाहीच, सगळे प्रेक्षक. 2006 मध्ये याच मंडळींपैकी ऐंशीएक जण निळे शर्ट आणि खाकी पँट घालून बेस्ट बाय या दुकानात शिरले. तिथल्या कर्मचाऱ्यांचा वेश साधारण तसाच. आणि सूचना काय होती? कुणी विचारलं तर मदत करा, पण इथे काम करतो असं खोटं सांगू नका. वेश गंमत करतो, तोंड खोटं बोलत नाही. ही सीमारेषा आखायला किती विचार केला असेल!

आणि तरीही. 2004 मध्ये यांनीच ठरवलं की एका होतकरू बँडला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत भारी कार्यक्रम भेट द्यायचा. व्हरमाँटहून आलेला ‘घोस्ट्स ऑफ पाशा’ नावाचा अनोळखी बँड, रविवारची रात्र, न्यूयॉर्कचं एक छोटं सभागृह, कोणी येणार नाही अशी वेळ. टॉडच्या माणसांनी त्यांची गाणी पाठ केली, पस्तीसएक जण तिकीट काढून गेले, नाचले, शब्दन् शब्द बरोबर गायले. बँड हरखून गेला. हे वाचताना मीही हरखले होते. पण दोन-चार दिवसांनी बँडला कळलं की ती गर्दी ठरवून आणलेली होती. विचार करा. ज्या रात्री तुम्हाला वाटलं की अखेर लोकांनी आपलं गाणं ऐकलं, ती रात्रच हातातून काढून घेतली. लोक त्यांच्यावर हसले ते वेगळंच. पुढे त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं, पण मी या प्रसंगापाशी अडकून पडलेय. इथे द्वेष नव्हता, भीती नव्हती, कुणाला ढकललं नव्हतं. उलट प्रेम होतं. फक्त समोरच्याच्या मनातल्या सगळ्यात हळव्या जागेला हात लागला होता. टेप धरणाऱ्या आजोबांकडून आम्ही पाच मिनिटं घेतली. बँडच्या मुलांकडून त्यांची उमेद घेतली गेली. फरक केवढा मोठा आणि डोळ्यांना किती कमी दिसणारा!

बाकी वाईट उदाहरणांना तर तोटाच नाही. डिसेंबर 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ निवेदकांनी राजघराण्यातली माणसं असल्याचं भासवून लंडनच्या एका रुग्णालयात फोन केला. फोन घेऊन पुढे जोडून देणारी भारतीय वंशाची परिचारिका काही दिवसांतच जग सोडून गेली. ती ड्यूटीवर होती. फोन घेणं हे तिचं काम होतं. पुतण्या वॉचमनकाकांना का नको म्हणाला, ते मला तेव्हा पुरतं कळलं. 2019 मध्ये बेंगळुरूत रात्री भुतांचे कपडे घालून रस्त्यावर लोकांना घाबरवणाऱ्या तरुणांना पोलिसांनी उचललं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका मॉलमध्ये एक यूट्यूबर अनोळखी माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रविचित्र वाक्य वाजवत राहिला. तो माणूस ‘थांब’ म्हणाला, मागे सरकला, पुन्हा ‘थांब’ म्हणाला, आणि शेवटी त्याने पिस्तूल काढून गोळी झाडली. मुलगा वाचला. गोळीचं समर्थन मी करणार नाही. पण पहिल्या ‘थांब’ला तिथे काहीच अर्थ नव्हता, हे मला त्या गोळीइतकंच भयंकर वाटतं. यूट्यूबनेही 2019 मध्ये गंभीर इजेची भीती घालणारे आणि लहान मुलांना मानसिक धक्का देणारे प्रँक नको म्हणून नियम कडक केले. बरं झालं.

आणि ते ठरवून केलेले, पैसे देऊन आणलेल्या नटांचे ‘प्रँक’? त्यात आजोबा कुठून येणार! ‘माप चुकेल’ हे वाक्य कोणता लेखक लिहील?

मला राहून राहून आपले बहुरूपी आठवतात. पोलिसाच्या वेशात दारात यायचे, दरडावायचे, आम्ही पोरं आईच्या मागे लपायचो. पण त्यांची बोली सुरू झाली की यमकांतूनच कळायचं, हा सोंग आणणारा आहे. ते स्वतःच स्वतःचं सोंग उघडं करायचे, हसवायचे आणि मग मूठभर धान्य मागायचे. रिव्हील, परवानगी, मोबदला, सगळं त्या एका फेरीत होतं. आमच्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा टोळीतली एक मुलगी वहीत लिहून घ्यायला लागली!

तर आता पुढचा बेत. एसटी स्टँडवर बसमधून उतरणाऱ्या एका अनोळखी माणसाचं जंगी स्वागत करायचं. हार, ताशा, औक्षण, ‘या या’ म्हणत वीसएक माणसं. कल्पना माझी आहे आणि मी हवेत आहे. आगारात चित्रीकरणाच्या परवानगीचा अर्ज दिलाय, ताशावाला मिळालाय. पण पुतण्याने परवा विचारलं, ‘काकू, तो माणूस मयताला जाऊन आला असला तर?’ तेव्हापासून आमचं भांडण चाललंय. मी म्हणते, चेहऱ्यावरून कळतं. तो म्हणतो, नेहमी नाही कळत. टोळीतली ती वहीवाली मुलगी म्हणाली, आधीच्या थांब्यावर आपल्यातलं कुणीतरी बसमध्ये चढू दे, शेजारी बसून गप्पा मारू दे, गावाला कशाला गेला होतात ते सहज निघेल, आणि मगच ताशावाल्याला खूण करायची. मला हे पटलंय. पुतण्याचं म्हणणं, तरी औक्षणाआधी ‘ओवाळू का?’ असं विचारायचंच. त्यावर बाकीचे ओरडले, मग प्रँक कसला राहिला? मी मात्र त्याच्या बाजूने मत दिलंय. अनोळखी बाईने ताट हातात घेऊन ‘ओवाळू का?’ असं विचारल्यावर माणसाचा चेहरा काय होईल, तोच तर मला कॅमेऱ्यातून बघायचाय. रविवारी सकाळी सातला जमतोय, निरांजन आणि कुंकू मी आणतेय.